डोहाला दिलेली ओ

माझे सासरे भाजीवाल्यालाही ओ द्यायचे. इथूनच सुरुवात करते, म्हणजे आम्ही त्यांना घेऊन त्या डोंगरात कशाला मरायला गेलो होतो ते कळेल.

जुहू कोळीवाड्यात आमचं घर गल्लीच्या तोंडाशी. सकाळी गाडीवाला 'कांदे-बटाटे' ओरडत गेला की रामनाथबाबा ओट्यावरून लांबलचक 'ओऽऽ' द्यायचे. भंगारवाला आला, ओ. शेजारीण तिच्या पोराला हाक मारतेय, ओ आमच्या घरातून. आधी लोक हसले. मग हसायचे थांबले. शेवटी तर आमच्या दारावरून जाताना माणसं आवाज खाली करायला लागली, आणि ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

कारण सगळ्यांना माहीत होतं. विकी, माझा धाकटा दीर, गेल्या हिवाळ्यात पहाटे छोटी होडी घेऊन एकटाच जाळं बघायला गेला. एरवी बाबा बरोबर असायचे, पण त्या दिवशी ते तापाने फणफणले होते, गोळी घेऊन झोपले होते. धुकं एवढं की आपलाच हात आपल्याला दिसेना. किनाऱ्यावरच्या काही जणांनी पाण्यावरून आलेली हाक ऐकली होती, पण प्रत्येकाला वाटलं, रामनाथचा पोरगा आहे, रामनाथ देईल की ओ. होडी सापडली. विकी नाही सापडला.

त्यांच्या घराण्यात कायदाच आहे, पाण्यावरून हाक आली की ओ द्यायची. धुक्यात समोरच्याला किनारा दिसत नाही, ओ जिकडून येते तिकडे तो वल्हं मारतो. हाक मारणारा वैरी का असेना, आधी ओ, भांडण नंतर. बाबांनी जन्मभर ही ओ दिली, आणि स्वतःच्या पोराच्या वेळेला झोपून राहिले. तेव्हापासून जी हाक कानावर पडेल ती त्यांचीच.

मी मात्र कोळ्यांची नाही. मी वाकोल्याची, प्रज्योतशी लव्ह मॅरेज केलं. अंधेरीच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. आमच्या घरी देव-देव नव्हतं आणि भुताखेताला तर बिलकुल थारा नव्हता. कोणी अंगात आल्याचं सांगितलं की माझे पप्पा विचारायचे, ताप मोजला का? त्याच पप्पांची मी मुलगी आहे, हे ध्यानात ठेवून पुढचं ऐका.

डॉक्टर म्हणाले, यांना थोडे दिवस समुद्रापासून लांब न्या. प्रज्योत विमानतळावर कार्गोत कामाला आहे, तिथल्या कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, मुरबाडच्या मागे डोंगरात एक नदी आहे, तंबू ठोकायचा, मासे पकडायचे, एकदम झकास. मी म्हटलं, "पाण्यापासून लांब न्यायचं म्हणून पाण्यावर नेतोस? अक्कल कुठे गहाण ठेवलीस?"

"समुद्रापासून लांब न्यायला सांगितलंय, पाण्यापासून नाही," तो म्हणाला. "बाबांना कोरडं ठेवलं ना, तर ते तसेच बसून मरतील, यार. नदी आहे ती. भरती नाही, ओहोटी नाही, आणि आपलं कोणी त्यात गेलेलं नाही."

मला मासे नको होते आणि तंबू तर त्याहून नको होता. बाबा परत माणसांत यावेत, नातवंडं झाली तर त्यांना खेळवण्याइतके तरी शुद्धीवर असावेत, एवढंच हवं होतं. त्यासाठी मी डोंगरच काय, कुठेही गेले असते.

गाडीत बाबा मांडीवर पाग घेऊन बसले होते. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. कल्याणपर्यंत त्यांनी दोन-चार हॉर्नना ओ दिली, मग रस्ता मोकळा झाला तसे गप्प झाले. शेवटच्या वाडीत गाडी ठेवून खाली उतरायचं होतं. वाडीतल्या दादू आणि सुंदराबाई या नवरा-बायकोकडे प्रज्योतने जेवणाचं आधीच सांगून ठेवलेलं. दादूने बाबांना विचारलं, "तुम्ही कोण म्हणायचे?" बाबा म्हणाले, कोळी. दादू हसला. "आमी पण कोळीच की. महादेव कोळी. तुमी दर्याचे, आमी डोंगराचे." बाबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

खाली नदी बारीक होती, गोट्यांमधून उड्या मारत येणारी. वरच्या अंगाला मोठमोठे खडक, आणि आमच्या तंबूच्या खालच्या बाजूला ती एकदम रुंद होऊन थांबायची. तिथे डोह. पाणी काळं नव्हतं, हिरवं होतं, पण तळ दिसत नव्हता. दादूने दोन गोष्टी सांगितल्या. डोहात पाग टाकायचा नाही. आणि डोहाकडून हाक आली तर ओ द्यायची नाही.

"कोणाची हाक?" मी विचारलं.

"कोणाची पण," दादू म्हणाला. "तुमच्या माणसाची वाटली तरी. आमच्यात रांगत्या पोराला पण हेच शिकवतात, ताई. ओ द्यायची नाय, जवळ जाऊन तोंड बघायचं, मग बोलायचं."

मी प्रज्योतकडे बघितलं. त्याने डोळ्यांनीच मला गप्प राहा म्हणून सांगितलं. बाबांनी ऐकलं की नाही कोण जाणे, ते गुडघाभर पाण्यात उभे राहून पागाची दोरी मनगटाला गुंडाळत होते.

मग त्यांनी पाग फेकला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना असं बघितलं नव्हतं. खांदा वळला, हात सुटला आणि जाळं हवेत पूर्ण उघडून अलगद पाण्यावर बसलं. बोटाएवढे चंदेरी मासे निघाले. बाबांनी एक उचलून वास घेतला आणि म्हणाले, "याला मीठच नाय." आणि हसले. त्या एका हसण्यावर मी प्रज्योतचे सगळे गुन्हे माफ केले. दुपारभर सुंदराबाई वरून कोंबड्यांना हाका मारत होती, दादू बैलाला ओरडत होता, पण बाबांनी एकदाही ओ दिली नाही. मी प्रज्योतला म्हटलं, "तुझ्या डोक्यातून आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी कामाचं निघालं." तो इतका खूश झाला की उलट उत्तर द्यायलाच विसरला.

दिवस कलला तसा डोंगराची सावली पाण्यावर आली. सुंदराबाईने भाकऱ्या आणल्या होत्या, मी मासे तळत होते. तेवढ्यात डोहाकडून आवाज आला.

"होऽऽ."

होडीवरून मारतात ना, तशी हाक. बाबा उठून उभे राहिले. टोपी सरळ केली आणि छाती भरून ओ दिली. "ओऽऽ, रामनाथऽऽ." भाजीवाल्याला द्यायचे तशी केविलवाणी नाही. ही खरी ओ होती, स्वतःच्या नावासकट, धुक्यात हरवलेल्या माणसाला देतात तशी. मी पूर्वी ती ऐकलीच नव्हती.

दादू धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता. "बाबा, काय केलंत हे?"

"पाण्यावर कोणतरी आहे," बाबा म्हणाले.

"हितं कोणाकडं होडीच नाय."

"मंग तर ओ द्यायलाच हवी," बाबा म्हणाले आणि खाली बसले. शांतपणे भाकरी मोडायला लागले.

दादू मला आणि प्रज्योतला बाजूला घेऊन म्हणाला, उद्या उजाडलं की वाडीवर चला, इथं राहू नका. ओ मिळाली की डोहाला माणूस कळतो. प्रज्योत म्हणाला, प्रतिध्वनी आहे, दरीत असं होतं. मीही तेच म्हटलं. प्रतिध्वनी ओ देण्याआधीच येत नाही, हे मलाही कळत होतं. पण उद्या जायचंच आहे तर आता कशाला उगाच डोक्याला शॉट, असा विचार करून मी विषय बंद केला. बाबा त्या रात्री घोरत झोपले. वर्षभरात मी त्यांचं घोरणं ऐकलं नव्हतं, त्यामुळे मलाही गाढ झोप लागली.

सकाळी तंबूची चेन उघडली आणि बाहेर काहीच नव्हतं. नदी नाही, डोंगर नाही, फक्त पांढरं. प्रज्योतने वरच्या खडकांत आदल्या संध्याकाळी छोटं जाळं बांधलं होतं, ते काढायला तो गेला होता. चहा पिऊन जा म्हटलं होतं, ऐकेल तर शपथ. बाबा दगडावर बसले होते, आंघोळ करून, केस विंचरून. दादू आम्हाला न्यायलाच आला होता, सुंदराबाई माझ्याबरोबर भांडी आवरत होती.

"बाबाऽऽ, होऽऽ. पाय अडकलाय."

प्रज्योतचा आवाज. वरून, खडकांकडून. माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. आणि लगेच उलट्या बाजूने, डोहाकडून, तोच आवाज.

"बाबाऽऽ, होऽऽ. काय दिसत नाही."

विकीचा आणि प्रज्योतचा आवाज सारखाच होता. फोनवर विकी कितीदा तरी प्रज्योत बनून माझ्याकडून शिव्या खायचा आणि मग खिदळायचा. म्हणून सांगते, त्या दोन हाकांमध्ये सुईएवढाही फरक नव्हता. बाबा एका बाजूला ओ देत होते, मग वळून दुसऱ्या बाजूला. दादूने माझा दंड पकडला. "ताई, तुमी ओ नका देऊ. एक तुमचा हाय, एक नाय."

"आमचा कुठला ते सांग."

"ते मला नाय सांगता यायचं."

धुक्यात चुकीच्या बाजूला गेले तर नवरा पाण्यात गारठून मरणार. आणि इथे उभी राहिले तरी मरणार. ओ द्यायची नाही म्हणता ना, ठीक आहे, मग मी नवऱ्याशी जशी रोज बोलते तशी बोलले. "प्रज्योत, गाढवा, चहा पिऊन जा म्हटलं होतं ना तुला? कुठे जाऊन तडमडलास?"

"हेमा, लेक्चर नंतर दे, आधी दोरी आण," वरच्या बाजूने उत्तर आलं. हा माझा. जीव जात असतानाही मला उलट बोलणारा दुसरा कोण असणार.

मग डोहाकडूनही उत्तर आलं, हळू, अगदी मायेने.

"वहिनी, बाबांना सांगा ना, मी हितंच आहे."

मला वहिनी म्हणणारा जगात एकच माणूस होता. खोटं कशाला बोलू, भीती नंतर वाटली. आधी आनंद झाला. इतका की माझं पाऊल आपसूक त्या बाजूला पडलं, आणि दादूने दंड धरला नसता तर मी गेलेच असते. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. "ऐकलंस ना, हेमांगी? तू पण ऐकलंस."

वर्षभर आम्ही सगळे त्यांना गोळ्या देत होतो, काही ऐकू येत नाही म्हणून समजावत होतो. त्या तोंडाला मी काय सांगू? "ऐकलं, बाबा," मी म्हटलं. "पण प्रज्योत तिकडे अडकलाय. माझ्याबरोबर चला. आधी त्याला काढू."

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तो तुला गावला. तू जा, पोरी. याला कोण ओ देणार?"

मी सुंदराबाईला सांगितलं, यांना धरून बस, काही झालं तरी सोडू नकोस. आणि दादूच्या मागे दोरी घेऊन धावले.

प्रज्योत खडकांच्या फटीत छातीपर्यंत पाण्यात होता. शेवाळावरून घसरला, घोटा कपारीत गेला, जेवढा ओढेल तेवढा आणखी रुततोय. ओठ निळे पडले होते. दादू पाण्यात उतरून दगड हलवत होता, मी काखेतून दोरी घालून ओढत होते आणि तोंडाने नवऱ्याचा सतत उद्धार करत होते, कारण शिव्या थांबल्या असत्या तर मी रडले असते. खालून बाबांची ओ येत होती. पुन्हा पुन्हा. दर खेपेला थोडी लांबून. मग ती थांबली, आणि मला वाटलं, चला, सुंदराबाईने त्यांना बसवलं एकदाचं. तेवढ्यात पाय सुटला. कातडं सोलून निघालं होतं, पण हाड शाबूत होतं. प्रज्योत माझ्या गळ्यात पडून कुडकुडत होता. "तिकडे दुसरं कोण होतं गं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "चल आधी."

आम्ही त्याला आधार देत खाली आलो तेव्हा सुंदराबाई डोहाच्या कडेला पाण्यात उभी होती. लुगडं भिजलेलं, मनगटावर नखांचे ओरखडे. "माझ्या हातात नाय राहिले, ताई," ती म्हणाली. "चालत गेले. घरात शिरावं तसे गेले. डोक्यावरून पाणी गेलं तरी हात वर नाय केला."

स्वतःचे लोक जिथे पाय घालत नाहीत त्या पाण्यात दादू कमरेला दोरी बांधून उतरला. एकदा रिकामा वर आला, पुन्हा गेला. मग आम्ही दोरी ओढली.

बाबांना गोट्यांवर आडवं केलं. लॅबमध्ये आम्हाला हे शिकवलेलं असतं. मी दोन्ही हात छातीवर ठेवून दाबायला लागले. तोंडातून पाणी आलं, हिरवट, मग तेही यायचं थांबलं. प्रज्योत डोक्याशी बसून त्यांचे केस मागे सारत होता. "कर ना गं, थांबू नकोस," एवढंच म्हणत होता. मी थांबले नाही. हात भरून आले तरी दाबत राहिले, पण मी रोज माणसांच्या नसा चाचपते, हाताखाली काय आहे आणि काय नाही हे मला कळतं. बाबा गेले होते. डोळे अर्धे उघडे, चेहऱ्यावर ना भीती, ना त्रास. मी मान हलवली. प्रज्योतने त्यांच्या कपाळावर कपाळ टेकवलं. धुकं अजून तसंच होतं.

"प्रज्योतऽऽ."

डोहाकडून. सुंदराबाईने पदर तोंडात कोंबला. आवाज बाबांचा होता. आजारी, ओट्यावरचा नव्हे. मजबूत, होडीवर उभ्या असलेल्या माणसाचा आवाज.

"प्रज्योतऽऽ. विकी गावला रेऽऽ."

माझे हात अजून त्यांच्या छातीवर होते आणि ती छाती गार पडत चालली होती. प्रज्योतने मान वर केली. त्याच्या तोंडावर त्या क्षणी जे आलं, ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. भाऊ गावला. बाप स्वतः सांगतोय. आणि तो त्याच घरातला, हाकेला ओ द्यायची हे दुधाबरोबर प्यायलेला. त्याने छाती भरून श्वास घेतला.

मी बाबांच्या छातीवरचा हात उचलला आणि त्याच्या तोंडावर दाबला.

तो धडपडला. माझा हात ओढला, चावला, रक्त आलं. दादूने मागून त्याचे दोन्ही हात धरले. माझ्या तळव्याखाली त्याची ओ मला लागत होती, घशातून वर येणारी, पुन्हा पुन्हा. मी त्याच्या कानात म्हणत होते, "बाबा इथे आहेत, बघ, तुझ्या पुढ्यात आहेत." त्याने बघितलं. डोळ्यांतलं पाणी माझ्या बोटांवरून खाली येत राहिलं, पण धडपड थांबेना.

"ऐकलंस का रे, प्रज्योतऽऽ? गावला आपला विकीऽऽ."

इतके आनंदात होते बाबा. धुकं वर जाईपर्यंत ते सांगत राहिले, कधी प्रज्योतचं नाव घेऊन, कधी माझं. वर्षभर ज्याची वाट पाहिली ती बातमी घेऊन माणूस हाका मारत होता, आणि त्याच्या घरातल्या कोणी त्याला ओ दिली नाही.